एमएच-०९

पप्पांचा फोन आला तेव्हा मी नेमका गाडीच्याच थापा मारत होतो.

रविवारची सकाळ, साडेसात. बंगळुरूच्या बाहेर, तुमकूर रोडवरचं एक दर्शिनी. उभ्यानं इडली-वडा खायचा, फिल्टर कॉफी घ्यायची आणि रस्त्याकडेला लावलेल्या गाड्यांकडे बघत बोलत राहायचं. महिन्यातून एकदा आम्ही चौघं असे भेटतो. चौघंही सॉफ्टवेअरमधले, चौघांनाही जुन्या गाड्यांचं वेड. एकमेकांना आम्ही गावाच्या नावानंच हाक मारतो. कोलकाता, कोइमतूर, म्हैसूर आणि मी कोल्हापूर. खरी नावं ऑफिसात वापरतात.

कोलकात्याकडे त्याच्या काकांची अॅम्बॅसडर आहे. कोइमतूरकडे जुनी मारुती ८००. म्हैसूरकडे चारचाकी नाही, येझदी आहे, पण ती त्याच्या गावातल्या कारखान्यात बनलेली, म्हणून त्याला आत घेतलं. माझ्याकडे बंगळुरूत यातलं काहीच नाही. मी दर्शिनीला मेट्रोनं आणि पुढे रिक्षानं येतो. माझी गाडी कोल्हापुरात, फुलेवाडीच्या घराशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्री पांघरून. प्रीमियर पद्मिनी, १९९२ची, क्रीम कलर, एमएच-०९. त्या टोळक्यात मी केवळ गोष्टींच्या जोरावर टिकून होतो.

गोष्टी मात्र माझ्याकडे चिक्कार. कोलकात्यानं सुरू केलं की सुरू होतो सामना. तो म्हणतो, आमच्याकडे हावड्याहून निघालं की हिंदमोटर नावाचं रेल्वे स्टेशनच आहे, गाडीच्या कारखान्यावरून पडलेलं. तुमच्याकडे आहे का? मग २०१४ साली उत्तरपाड्याचा तो कारखाना थांबला, हे सांगताना त्याचा आवाज थोडा खाली येतो. कोइमतूर म्हणतो, आमच्याकडे करी मोटर स्पीडवे आहे, आणि फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, आमच्या गावचा. २००५ साल. यावर कुणाला काही बोलता येत नाही, मग तो मुद्दाम सावकाश कॉफी पितो.

मग मी उतरतो. दसऱ्याला आमच्या दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक येते, म्हणतो. मेबॅक म्हणजे जी कंपनी झेपेलिन वायुनौकांची इंजिनं बनवायची ती. तुमच्या गावात ती गाडी म्युझियममध्ये काचेमागं ठेवली असती, आमच्याकडे ती सोनं लुटायला येते. आणि बाबूराव पेंटर माहितेत का? परदेशातून कॅमेरा मिळेना म्हणून कोल्हापुरात बसून स्वतः कॅमेरा बनवला या माणसानं, त्यावर १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. आमच्या उद्यमनगरात एखादा पार्ट दाखवा, संध्याकाळी तसाच दुसरा करून देतात. (हे शेवटचं वाक्य मी आयुष्यात कधी तपासून बघितलेलं नव्हतं. पण कोल्हापूरच्या माणसानं ते म्हणायचंच असतं.)

त्या रविवारी म्हैसूरनं मला मध्येच अडवलं. “पण पद्मिनी तर मुंबईत बनायची ना? कुर्ल्यात? त्यात कोल्हापूरचं काय?”

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली काढली वालचंद हिराचंदांनी. वालचंद मूळ सोलापूरचे. आणि त्यांच्याच नावाच्या सांगलीच्या कॉलेजात मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं. म्हणजे एका अर्थी घरचीच गाडी. कॉलेजात असताना मला यातला एक शब्द ठाऊक नव्हता, गेटवरचं नाव रोज वाचून आत जायचो एवढंच. नोकरी लागल्यावर, रात्री झोप येत नसताना, हे सगळं वाचलं. फियाटची ११०० डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग १९७४पासून पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसेक अश्वशक्ती. चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागं पाट्यांचे स्प्रिंग, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये गेली, त्या दिवशी मी स्टेटस ठेवलं होतं, हात जोडलेल्या इमोजीसकट.

“आणि एक सांगतो,” मी म्हणालो, “आमच्या पद्मिनीनं आम्हाला कधी दगा दिला नाही. एकदाही नाही.”

तेवढ्यात फोन वाजला.

“अरे, पुण्यास्नं एक जण आलाय,” पप्पा म्हणाले. “गाडीचं एक लाख साठ देतो म्हणतोय. देऊन टाकू?”

मी बाजूला गेलो. पप्पांनी हे इतक्या साध्या आवाजात विचारलं होतं, की जणू दारात रद्दीवाला उभा आहे.

“नका देऊ. मी येतो.”

“तू येऊन काय करणारैस?”

“येतो म्हटलं ना.”

टेबलाशी परतलो तर तिघं बघत होते. काही नाही म्हणालो. मग बराच वेळ मी फार बोललो नाही आणि कोइमतूरनं कार्तिकेयन परत एकदा सांगून घेतला.

*

पप्पा सहकारी बँकेत क्लार्क होते. ही गाडी त्यांनी १९९९ला गावातल्याच एका डॉक्टरांकडून घेतली. मी दोन वर्षांचा होतो. तेव्हा डॉक्टर मंडळी मारुतीकडे वळत होती आणि पद्मिनी स्वस्तात सुटत होत्या. २०१२ला पप्पांनी वॅगनआर घेतली आणि पद्मिनी शेडमध्ये गेली. मी तेव्हा दहावीत. म्हणजे माझ्या आठवणीतली पद्मिनी ही मागच्या सीटवरून पाहिलेली गाडी आहे. पुढच्या दारांच्या त्या त्रिकोणी काचा, त्या उघडल्या की थेट तोंडावर येणारं वारं. पुढं अखंड सीट, गिअर दांड्यावर असल्यामुळं मधे कुणीही बसू शकायचं, आणि ती जागा बहुतेक वेळा आजोबांची. पेट्रोल आणि रेक्झिनचा मिसळलेला वास. गाडी चालवलेली मात्र मी एकदाही नव्हती. ही गोष्ट तुमकूर रोडवर कुणाला माहीत नव्हती.

पुढच्या शुक्रवारी रात्रीची बस धरली आणि शनिवारी सकाळी घरी पोचलो. अंघोळ करून ताडपत्री काढली. मला वाटलं होतं आत उंदरांनी संसार थाटला असणार, टायर बसले असणार. टायरमध्ये हवा होती. काचा पुसलेल्या. डॅशबोर्डवर धूळ होती, पण ती पंधरा दिवसांची, बारा वर्षांची नव्हे.

ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत कागद होते. आरसी बघितलं. खासगी गाडीची पंधरा वर्षं संपली की दर पाच वर्षांनी नोंदणी नव्यानं करावी लागते. २००७, २०१२, २०१७ हे मी समजू शकत होतो. पण २०२२चीही नोंद होती. एप्रिल २०२२पासून चारचाकीची ही फी सहाशेवरून पाच हजार झाली, त्यावर पर्यावरण कर वेगळा. शिवाय गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते, चालत्या अवस्थेत. विमाही चालू होता. रद्दीवाल्याच्या आवाजात विकू का विचारणाऱ्या माणसानं, कधीही न चालवलेल्या गाडीवर हे सगळं केलं होतं.

“हे काय?” मी विचारलं.

“कागद चुकले की गाडीचं भंगार होतंय,” पप्पा म्हणाले आणि पेपर उघडला.

दुपारी उद्यमनगरातले मेस्त्री आले. पासष्टीचे असतील. मी त्यांना मोठ्या उत्साहानं सांगायला लागलो, की बारा वर्षं बंद असलेली गाडी आहे, तर आधी टाकी उतरवू, पेट्रोलची लाइन साफ करू. यूट्यूबवर सगळं बघून गेलो होतो.

मेस्त्री हसले. “बंद कुठाय वो? दोन-तीन महिन्याला मी येतोय की चालू करायला. बावीस साली आरटीओत मीच न्हेली. वडलांनी सांगितलं न्हाई व्हय?”

वडलांनी सांगितलं न्हाई. वडील पायरीवर बसून शेंगा सोलत होते.

मेस्त्रींचं काम बघत बसणं हा त्या दोन दिवसांतला सगळ्यात चांगला भाग. कार्ब्युरेटर उतरवून पेट्रोलमध्ये धुतला, जेट तोंडानं फुंकून उजेडाकडे धरून बघितले. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढून पॉइंटवर पॉलिश पेपर मारला आणि पत्ती घालून फट मोजली. माझ्या कामात काही बिघडलं तर मी लॉग वाचतो. इथं लॉग नव्हता. मेस्त्री एक लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला लावायचे, त्याची मूठ कानाला, आणि डोळे मिटायचे. “तीन नंबरचा टॅपिट बोलतोय,” म्हणाले. मी पण मूठ कानाला लावली. मला चारही नंबर एकदमच बोलताना ऐकू आले.

पार्ट कुठून आणता विचारलं. “कुर्ल्यास्नं. भंगारात. मुंबईच्या टॅक्स्या मोडल्या तवा लई माल आला. आता त्योबी संपत आला.” जिथं गाडी बनली तिथलंच भंगार. उद्यमनगरात बनवून मिळतात का, हेही विचारून घेतलं. माझी अब्रू त्यावर होती. मेस्त्रींनी खिशातून एक पितळी बुश काढून दाखवला. “ह्यो हितलाच. सकाळी दिला, संध्याकाळी आणला.” मी त्याचा फोटो काढला.

शेवटी बॅटरी. मेस्त्री म्हणाले, हीच चार्ज करून आणतो, सहा महिने जाईल. पप्पा पायरीवरून उठले. “नको. नवी टाका.”

“अवो पण चालतीया की.”

“नवी टाका मेस्त्री.”

स्वतः त्यांच्याबरोबर दुकानात गेले. घरातला बल्ब गेला तर दोन दिवस अंधारात काढणारा माणूस आहे हा.

*

रविवारी सकाळी पन्हाळ्याला निघालो. वीस किलोमीटर, कोल्हापूरच्या माणसाला गाडी चालते की नाही हे बघायला यापेक्षा लांब जावं लागत नाही. मी चालवणार असं मीच जाहीर केलं होतं.

सहा वर्षं या गाडीचे आकडे तोंडपाठ असलेल्या मला फुलेवाडीच्या नाक्यापर्यंत तीनदा ती बंद पाडता आली. दांड्यावरचा गिअर पुढं-मागं जात नाही. तो स्वतःकडे ओढायचा किंवा पलीकडे ढकलायचा आणि मग वर-खाली. डाव्या हाताला ते कळायला वेळ लागतो, आणि तोवर मागं केएमटीची बस हॉर्न मारत असते. पप्पा शेजारी बसून समोर बघत होते. काही शिकवत नव्हते. तिसऱ्यांदा बंद पडल्यावर फक्त म्हणाले, “चोक आत घे आता.” तो मी बाहेरच ठेवला होता.

गंगावेशीत दूध कट्ट्यापाशी थांबलो. तिथं सकाळी म्हशी उभ्या असतात आणि पेल्यात दूध काढून देतात. माझा दूध पिण्याचा विचार नव्हता, गाडी गरम झाली का बघायचं होतं. पाच मिनिटांत गाडीभोवती आठ जण. एकानं मॉडेल विचारलं, एकानं बॉनेट उघडायला लावलं. एका आजोबांनी नंबर प्लेटवर हात फिरवला आणि म्हणाले, “आपलीच हाय व्हय. मला वाटलं मुंबईची आली.” मला इतका आनंद झाला, की मी आठ जणांच्या दुधाचे पैसे दिले. त्यातल्या दोघांचं दूध तर आधीच पिऊन झालं होतं.

शिवाजी पूल, केर्ली, दोन्ही बाजूंना ऊस. तिसऱ्या-चौथ्यात ती बरी पळते. पॉवर स्टिअरिंग नाही, पण एकदा चाकं फिरायला लागली की ते जड वाटत नाही, रस्ता हातात येतो. वाघबिळाच्या चढाला पप्पांनी पायाशी ठेवलेल्या बाटलीतून एक फडका भिजवला आणि मांडीवर धरून बसले. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांना लांब चढावर पेट्रोलचा पंप तापला, की पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा तुटतो. मग पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबायचं, असा सगळ्या जुन्या लोकांचा रिवाज. आम्हाला ते लागलं नाही. दुसऱ्या गिअरमध्ये ती सरळ वर आली आणि फडक्याचं पाणी पप्पांच्या पँटवर उतरलं.

तीन दरवाजाजवळ झुणका-भाकरीला बसलो. खाली सगळं धुकं. मी फुशारलो होतो. म्हणालो, “बघितलं ना? हिनं आजवर कधी दगा दिला नाही आपल्याला. आणि तुम्ही विकायला निघालेला.”

पप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला.

“आजोबांचं विसरलास?”

२००६चा पावसाळा. मी नऊ वर्षांचा. आजोबांच्या छातीत रात्री दीड-दोन वाजता दुखायला लागलं, हे मला आठवतं. शेजारच्या काकूंनी मला त्यांच्याकडे झोपायला नेलं, आठवतं. शेजारच्या काकांच्या मारुतीतून आजोबांना नेलं, तिचे मागचे लाल दिवे पावसात वळताना मी खिडकीतून पाहिले. आपल्या दारात गाडी असताना शेजाऱ्यांच्या गाडीतून का नेलं, हा प्रश्न मला एकोणीस वर्षांत पडला नव्हता. त्या रात्रीत आमची पद्मिनीच नव्हती. मी ती तिथून काढून टाकली होती.

“सेल्फ उचलला न्हाई,” पप्पा म्हणाले. “गल्लीतली चार-पाच पोरं उठली, कोपऱ्यापर्यंत ढकलली. दोनदा. त्यात पंधरा-वीस मिनिटं गेली. मग शेजारी म्हणाले, आमच्यातनं चला.”

आजोबा चौथ्या दिवशी दवाखान्यात गेले.

“गाडीचा दोष न्हवता,” पप्पा म्हणाले. “मेस्त्री महिनाभर आधी सांगून गेलेला, बॅटरी संपलीय, बदला. तुझी फी होती त्या महिन्यात. म्हटलं, पुढच्या महिन्याला घेऊ.”

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, डॉक्टर काय म्हणाले होते.

“म्हणाले, वीस मिनिटानं फरक पडला नसता.” मग थोडं थांबून, “डॉक्टर चांगला माणूस होता.”

झुणका गार झाला होता. भाकरीवाल्या बाईंनी अजून एक भाकरी आणून टाकली, नको म्हणेपर्यंत. मी विचारलं, मग इतकी वर्षं कागद का सांभाळले, विकली का नाही. ते म्हणाले, आधी गिऱ्हाईक नव्हतं. हे खोटं आहे. भंगारवाला तर कायम असतो. पण ते तेवढंच म्हणाले आणि हात धुवायला उठले. मी मात्र त्या गाडीवर सहा वर्षं किती बोललो होतो, ते मनात मोजत बसलो. माझ्या सगळ्या गोष्टींत खिडकीतलं वारं होतं. बॅटरीचे पैसे कुणाला द्यायचे होते, हे त्यात कुठंच नव्हतं, कारण मागच्या सीटवरून ते दिसत नाही.

उतरताना पप्पांनी चालवली. बारा-तेरा वर्षांनी. एकदाही बंद पडली नाही, दांडा त्यांच्या हातात आपोआप फिरत होता. वळणावर वेग कमी करताना ते एक गिअर खाली घ्यायचे आणि इंजिन हुंकारायचं. मी मधल्या जागेवर सरकून बसलो होतो, हे मला केर्ली आल्यावर लक्षात आलं.

“विकायची असली तर विकू,” मी म्हणालो. खरंच म्हणालो.

ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर पुण्याच्या माणसाचा फोन आला. पप्पा व्हरांड्यात जाऊन बोलत होते, मला आतून ऐकू येत होतं.

“न्हाई साहेब. आत्ता न्हाई. कालच नवी बॅटरी टाकलीय.”

*

पुढच्या महिन्यात तुमकूर रोडवर गेलो. मी पन्हाळ्याचे फोटो दाखवले, पितळी बुशचा दाखवला, उद्यमनगरचा मुद्दा सिद्ध झाला असं सगळ्यांनी मान्य केलं. गंगावेशीतल्या आजोबांचं सांगितलं, आठ पेले दुधाचं सांगितलं. तीनदा बंद पाडली हेही सांगितलं आणि त्यावर कोइमतूर पोट धरून हसला.

“मग इकडं कधी आणतोस?” कोलकात्यानं विचारलं. “हायवे सरळ आहे. बेळगाव, हुबळी, दावणगेरे, एका दिवसाचं काम.”

“आणून उपयोग नाही,” मी म्हणालो. “वर्षाच्या वर ठेवली तर कर्नाटकात नोंदवावी लागणार. टॅक्स भरा, नंबर बदला.”

हे कारण त्याला पटलं. अॅम्बॅसडर आणल्यावर त्याचं तसंच झालं होतं. पश्चिम बंगालची जुनी पाटी त्यानं मागच्या काचेच्या आत ठेवलीय, बाहेरून दिसेल अशी.

“पन्नास वर्षं झाली की व्हिंटेजमध्ये नोंदव,” म्हैसूर म्हणाला. “एकवीस सालचा नियम आहे. जुना नंबर ठेवता येतो.”

“मग प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला असल्या कामांनाच बाहेर काढता येते. आणि ब्याण्णवची आहे रे. दोन हजार बेचाळीस उजाडेल.”

कोइमतूरनं विचारलं, ती दगा न देणारी गोष्ट परत सांग ना, मागच्या वेळी फोन आला आणि राहिली.

मी म्हटलं, राहू दे. कॉफी अजून एक घ्यायची का?

तेवढ्यात पप्पांचा मेसेज आला. हल्ली रविवारी सकाळी येतो. फोटो नसतो, नुसतं लिहिलेलं असतं: ‘एका सेल्फात चालू झाली. दहा मिनिटे ठेवली.’